उपचार ठरवताना तिलाही विचारा

'त्याला न सांगता भाजीत मिसळा, दारू सुटेल.' अशा जाहिराती आपण सगळ्याजणींनी वाचल्या आहेत. कोल्हापुरात व्यसनग्रस्तांच्या कुटुंबांबरोबर काम करताना बायका मला हेच विचारतात, "ताई, एखादी गोळी द्या की." म्हणजे नवऱ्याचं व्यसन सोडवणं हेही तिचंच काम, आणि तेही चोरून!

यात धोका आहे. डायसल्फिराम नकळत दिलं आणि वर तो दारू प्याला, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. रुग्णाची संमती आणि डॉक्टरांची तपासणी याशिवाय ते औषध देऊच नये.

शिवाय सगळ्या व्यसनांना एकच उपचार नसतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. तिथं सुरुवातीला डॉक्टरांची देखरेख हवी. गर्दच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनसारखं पर्यायी औषध देता येतं. मेफेड्रोनला, म्हणजे एमडीला, असा पर्याय नाही. तिथं मुख्य भर समुपदेशनावर. आणि नशा उतरली म्हणजे उपचार संपले असं नाही. पाठपुरावा कोण करणार, पुन्हा घसरला तर काय, हे आधीच ठरलेलं हवं.

पण हे सारं ठरताना बायको कुठं असते? पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. एरवी मात्र ती माहिती पुरवते, पैसे भरते आणि 'सांभाळून घ्या' हा सल्ला घेऊन घरी जाते. मार सांभाळून घेणं हा उपचार नव्हे. न पिणारेही मारतातच की! कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात 'नशेत होतो' म्हणून सूट नाही. तेव्हा त्याने हात उगारला तर ती कुठं जाईल, पगार कुणाच्या हाती राहील, हेही उपचाराच्या आराखड्यात लिहा.

आणि बाईच व्यसनी असेल तर? २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के, स्त्रिया १.६ टक्के. आकडा लहान म्हणून तिची गरज लहान होत नाही. नवऱ्याला उपचाराला नेणारी बायको दिसते. बायकोला नेणारा नवरा किती जणींनी पाहिलाय?

मैत्रिणींनो, केंद्रात गेलात तर नुसती सही करून परतू नका. आराखडा मागा, वाचा. त्यात तुमच्या सुरक्षिततेची एकही ओळ नसेल, तर ती लिहून घ्या.