गुलाबी पाण्याचा मुहूर्त
मिनेसोटात ऑक्टोबर लागला की कॅम्पिंग ट्रेलरवाल्यांच्या घरोघरी एकच वाद: ट्रेलरच्या नळांतलं पाणी आत्ताच काढायचं, की पानांचे रंग बघायला अजून एक फेरी मारायची? आमचे शेजारी तर पंचांग बघावं तसा रोज हवामानाचा अंदाज बघतात. एखाद्या पहाटे पारा शून्याला शिवला म्हणून नळ लगेच फुटत नाहीत. पण उणे ६-७ अंशांत काही तास गेले, की गोठताना सुमारे ९ टक्के फुगणारं पाणी पंपाचीही गय करत नाही. माझं मत पक्कं आहे: कडक थंडीचा पहिला अंदाज येताच गीझर रिकामा करा, त्याचा बायपास व्हॉल्व्ह फिरवा, नळांत गुलाबी अँटिफ्रीझ भरा. बाहेरचा शॉवर धरून (तो सगळेच विसरतात). फेरी खुशाल मारा, पाणी कॅनमधून न्या. गाडीच्या इंजिनातलं हिरवं अँटिफ्रीझ मात्र चुकूनही ओतू नका. ते विषारी असतं.