एक बंदूक, दोन जनावरे

बंदुकीचे काडतूस कोणते घ्यावे, हा काही आपल्या घरात रविवारच्या चहाबरोबर निघणारा विषय नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली. तेव्हापासून शिकार आपल्याला भेटते ती जुन्या शिकारकथांत, नाहीतर एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर धूळ खात असलेल्या सांबरशिंगांत. ते योग्यच झाले. तरीही हा विषय आज मुद्दाम काढावासा वाटतो. कारण विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी रानडुकरांनी आणि रोह्यांनी जेरीला आला, की ‘मारायची परवानगी द्या’ अशी मागणी उठते. पण मारायचे कशाने, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. ज्या देशांत तो रोज विचारला जातो, तिथे लोकांनी त्याचे काय केले, हे एकदा पाहायला हवे.

अमेरिकेत हा प्रश्न घरगुती आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम वर्षानुवर्षे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होई आणि त्या दिवशी कित्येक शाळांना चक्क सुट्टी असे. (२०१९ पासून हा मुहूर्त शनिवारी आला.) विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकारीमुळे तिथली पांढऱ्या शेपटीची हरणे जेमतेम काही लाख उरली होती. पुढे कडक कायदे झाले. १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवण्यात आला आणि आज ही हरणे तीन कोटींच्या घरात आहेत. इतकी, की न्यू जर्सीतली मराठी कुटुंबेही परसात लावलेला भाजीपाला हरणांनी फस्त केल्याचे गाऱ्हाणे फोनवर सांगतात. दुसरीकडे शेताशिवारातले उपद्रवी प्राणी आहेत. कोकरे पळवणारा कायोटी, कुरणात बिळे खणणारे वुडचक आणि प्रेअरी डॉग. या सगळ्यांना तिकडचा शेतकरी एकाच शब्दात ‘व्हार्मिंट’ म्हणतो.

आता अडचण अशी, की साठ-सत्तर किलोचे हरीण आणि चार-पाच किलोचा वुडचक यांना मारायची गोळी एक असू शकत नाही; आणि दोन रायफली घेणे प्रत्येकाच्या खिशाला परवडत नाही. ‘एकीतच दोन्ही भागवता येईल का?’ हा तिकडच्या मध्यमवर्गाचा जुना प्रश्न. आपल्याकडे एकाच कुकरमध्ये वरण-भात-भाजी लावण्याइतकाच तो व्यवहारी आहे.

या प्रश्नावर १९५५ साली एक मजेदार सामना झाला. विंचेस्टर आणि रेमिंग्टन या दोन नामांकित कंपन्यांनी एकाच वर्षी सहा मिलिमीटर जाडीच्या गोळीचे काडतूस बाजारात आणले. एकाचे नाव ‘.२४३ विंचेस्टर’, दुसऱ्याचे ‘.२४४ रेमिंग्टन’. नावे वेगळी, पण गोळीची जाडी तीच आणि ताकद जवळजवळ सारखी. रेमिंग्टनच्या काडतुसात तर दारू किंचित जास्तच मावे. फरक होता तो रायफलीच्या नळीत. नळीच्या आत पीळ दिलेले आटे कोरलेले असतात. त्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत बाहेर पडते आणि सरळ जाते. गोळी जितकी लांब आणि वजनदार, तितकी गिरकी जास्त लागते. कमी पडली तर भोवरा झोके खातो तशी गोळीही डगमगते. विंचेस्टरने दर दहा इंचांत एक वेढा ठेवला, रेमिंग्टनने दर बारा इंचांत. परिणामी विंचेस्टरच्या रायफलीतून शंभर ग्रेनची गोळी नीट जाई. रेमिंग्टनने मात्र नव्वद ग्रेनवर थांबायचे ठरवले, कारण तिच्या मते हे काडतूस मुख्यतः उपद्रवी प्राण्यांसाठीच होते. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. म्हणजे सगळा फरक पाचेक गुंजांचा!

पण गिऱ्हाइकाने तेवढ्यावर निकाल दिला. विंचेस्टरची रायफल घेतली तर नोव्हेंबरात हरीण आणि उन्हाळ्यात वुडचक. मग दुसरी कशाला घ्या? रेमिंग्टनने पुढे आटे घट्ट केले, १९६३ साली काडतुसाचे नावही बदलले, पण एकदा गेलेली बाजारपेठ परत आली नाही. ‘.२४३’ मात्र आजही जगभर खपते.

या गोष्टीतून बहुतेक लोक ‘एकच काडतूस दोन्हींना चालते’ एवढाच धडा घेतात. माझ्या मते तो अर्धा धडा आहे. चालते ते काडतूस. गोळी मात्र दोन्हींना एक चालत नाही. उपद्रवी प्राण्यांसाठीची गोळी हलकी, पातळ कवचाची आणि अतिवेगवान असते. ती लागताक्षणी फुटून तिचा चुरा होतो, त्यामुळे लहान प्राणी जागीच मरतो आणि गोळी दगडावर आपटून भलतीकडे उडण्याचा धोकाही कमी होतो. हीच गोळी हरणाच्या खांद्यावर बसली तर वरच्या वरच फुटते. जखम मोठी दिसते, पण खोल जात नाही. हरीण पळून जाते आणि कुठेतरी झुडपात दोन-चार दिवस तडफडून मरते. हरणासाठीची गोळी जड आणि जाड कवचाची असते. ती आत शिरताना छत्रीसारखी उमलते आणि दोन्ही फुप्फुसांतून आरपार जाते. मग सारे काही क्षणांत संपते. दोन्ही डब्यांवर नाव तेच, ‘.२४३ विंचेस्टर’, आतल्या मालात मात्र जीव पटकन जाण्या-न जाण्याइतके अंतर.

‘मग सरळ मोठ्यात मोठे काडतूस घ्यावे, म्हणजे झाले’ असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. मोठ्या काडतुसाचा धक्का खांद्याला सणकून बसतो. दोन-चार बारांतच नवखा माणूस चाप ओढताना डोळे मिटू लागतो आणि नेम चुकतो. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जागा असते जेवणाच्या ताटलीएवढी. तिथे हलक्या रायफलीने अचूक मारलेली गोळी, भारी रायफलीने पोटात मारलेल्या गोळीपेक्षा केव्हाही दयाळू. म्हणून सगळ्यात जुना नियमच सगळ्यात शहाणा वाटतो. निवड करायची ती मोठ्या जनावराकडे पाहून, आपल्या खांद्याला पेलेल तेवढीच. आणि लहान जनावरासाठी त्यातच हलकी गोळी घालून भागवायचे. लहानासाठी घेतलेल्या हत्याराने मोठ्यावर प्रयोग करायचे नाहीत.

गंमत अशी, की अनेक देशांनी हा शहाणपणा शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. त्याला कायद्यात बसवले आहे. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्याप्रमाणे मोठ्या जातीच्या हरणांसाठी रायफल किमान .२४० इंच बोअरची आणि गोळीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी किमान १७०० फूट-पौंड हवी. जर्मनीत रो जातीच्या लहान हरणासाठी शंभर मीटरवर १००० ज्यूल, तर इतर मोठ्या खुरी प्राण्यांसाठी ६.५ मिलिमीटर बोअर आणि २००० ज्यूल ही किमान मर्यादा आहे. शिवाय नेमबाजीसह रीतसर परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय तिथे शिकारीचा परवानाच मिळत नाही. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक आहे. कोलोरॅडोत हरणासाठी .२४ पेक्षा लहान बोअर चालत नाही; टेक्सासात ‘.२२३’ सारखे लहान काडतूसही कायदेशीर आहे. या बाबतीत मला कोलोरॅडोचे बरोबर वाटते. ज्याला मत नाही, तक्रार करायला तोंड नाही, त्या प्राण्याच्या वतीने कायद्यानेच बोलले पाहिजे.

आणि प्रश्न केवळ जनावराचा नाही. आरपार गेलेली किंवा नेम चुकलेली गोळी थांबते कुठे? रायफलीची गोळी मैलोगणती जाऊ शकते. म्हणूनच अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या सपाट, वस्तीच्या राज्यांत हरणांसाठी रायफल वापरायला कित्येक वर्षे बंदी होती. फक्त छऱ्याच्या बंदुकीतून एकेरी गोळी मारायची मुभा होती. ओहायोने २०१४ साली आणि आयोवाने २०१७ साली सरळ नळकांडीसारख्या पुंगळीची, कमी पल्ल्याची काही रायफल-काडतुसे चालवून घेतली. तेव्हा त्या नियमात बसेल असे ‘.३५० लेजंड’ हे नवे काडतूस विंचेस्टरने २०१९ मध्ये काढले. कायद्याने मर्यादा घातली, की कारखानदार त्या मर्यादेत बसणारे हत्यार बनवतो, असा याचा अर्थ.

आता आपल्याकडे पाहू. कायद्यात तरतूद आहे. रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे आपला रोही, हे २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहेत आणि उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर कलम ११ खाली वन अधिकारी त्यांना मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतात. बिहारमध्ये मोकामा भागात २०१६ च्या जूनमध्ये बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, त्यावर केंद्रातल्या दोन मंत्र्यांतच जाहीर वाद झाला. केरळने २०२२ साली रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांपर्यंत नेले. वाद सगळीकडे एकच, मारावे की मारू नये. दोन्ही बाजू आवेशाने बोलतात. पण परवानगी मिळालेल्या माणसाच्या हातात काय आहे, याविषयी दोन्ही बाजू गप्प.

आपल्याकडे हत्यार जनावर पाहून निवडले जात नाही. परवान्यावर जे चढले आहे तेच हातात येते. बहुतेक ठिकाणी ती असते बारा बोअरची बंदूक, नाहीतर .३१५ ची रायफल. लष्करी बोअर रयतेच्या हाती नको, या इंग्रजी धोरणातून इथे रुजलेले हे .३१५ काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या एकोणिसाव्या शतकातल्या फौजेचे. बारा बोअर तर तीस-पस्तीस पावलांपर्यंतच भरवशाची; त्यापुढे छरे पांगतात आणि रानडूक मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर काय करते, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. रात्रीच्या अंधारात, ज्वारी-कपाशीच्या उभ्या पिकात, पलीकडे कोण जागलीला बसले आहे याचा पत्ता नसताना रायफल झाडणे तर त्याहून भयंकर.

यावर कोणी म्हणेल, ‘पीक गेलेल्या माणसाला ग्रेन आणि ज्यूल काय शिकवता?’ त्याचा राग रास्त आहे. रातोरात तुरीचे शेत लोळवले गेले, की वर्षाचे गणित कोलमडते. नुकसानभरपाईचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. पण धड मार्ग नसला की माणूस वाईट मार्ग शोधतो. कुंपणाच्या तारेत वीज सोडतो आणि त्या तारेला रानडुकराबरोबर कधी शेजारचा शेतकरी चिकटतो, कधी वाघ. उमरेडच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडकडे असाच गेला. तार काही निवड करीत नाही. बंदुकीमागे निदान एक माणूस असतो आणि त्याला नियम घालून देता येतात.

म्हणून मागणे फार मोठे नाही. परवानगीच्या कागदावर जनावराचे नाव जसे लिहितात, तसेच हत्यार, गोळीचा प्रकार, कमाल अंतर आणि वेळ लिहावी. मागे मातीचा बांध किंवा टेकाड असल्याशिवाय बार काढायचा नाही, हे लिहावे. नेमबाजीची चाचणी दिलेल्या माणसालाच परवानगी द्यावी. आणि जखमी जनावर शोधून त्याच्या यातना संपवण्याची जबाबदारी गोळी झाडणाऱ्यावरच टाकावी. हे काम हौशी मंडळींचे नाही आणि जुन्या शिकारीचे दिवस परत आणण्याचा हा चोरदरवाजाही नाही. उलट, मारणे जितके नियमात बांधले जाईल, तितके ते कमी आणि स्वच्छ होईल.

हरीण असो, वुडचक असो की आपले रानडुक्कर. माणसाने त्याला मारायचे ठरवले, की त्याचे मरण कसे असेल हेही माणूसच ठरवतो. मारण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने ते मरण एका क्षणात येईल याची जबाबदारीही घेतली पाहिजे. ती घेण्याची तयारी नसेल, त्याने बंदुकीला हात न लावलेला बरा.