सालाचा दाखला आणि गाडीचा भरवसा

नागपूर–तुळजापूर महामार्गावर वसलेल्या आणि पैनगंगेपलीकडच्या नांदेड-हिंगोलीच्या मुलखाशी ज्याचा रोजचा व्यवहार आहे अशा उमरखेडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एमएच २९ च्या शेजारी एमएच २६, एमएच ३८ आणि एमएच ३७ पासिंगच्या गाड्याही तितक्याच सहज उभ्या दिसतात. आणि त्यांच्यासमोर उभा राहिलेला गिऱ्हाईक, मग तो हळदीचा पैसा हाती आलेला शेतकरी असो की बदलीवर आलेला शिक्षक, आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला एकच प्रश्न विचारतो, की चार मीटरच्या आतली ही एसयूव्ही घ्यायची तर कोणत्या सालाची घ्यावी. या प्रश्नाला आपल्या व्यवसायात उत्तर तयार असते. ‘अठराची डोळे झाकून घ्या, विसाच्या वाटेला जाऊ नका’ असा निकाल चहाचा कप रिता होण्यापूर्वी दिला जातो, आणि गिऱ्हाईक त्या शब्दावर सात-आठ लाखांची जोखीम पत्करतो. ज्या शब्दाला एवढी किंमत आहे, त्याच्यामागचा पुरावा तपासणे हे तो शब्द उच्चारणाऱ्यांचेच कर्तव्य होय.

प्रथम सालाचाच विचार करू. आपण जे साल सांगतो ते बहुधा आरसी पुस्तकावरील नोंदणीचे असते. गाडी कारखान्यातून बाहेर पडली ती तारीख निराळी, आणि तिच्या रचनेत बदल झाला ती तारीख आणखी निराळी. मारुतीची व्हिटारा ब्रेझा मार्च २०१६ मध्ये आली ती केवळ डिझेलवर, फियाटच्या परवान्याने बनणाऱ्या १२४८ सीसीच्या इंजिनासह. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच नावाखाली जी गाडी विकली जाऊ लागली ती केवळ पेट्रोलवर, दीड लिटरच्या इंजिनाची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बीएस ४ गाड्यांच्या विक्रीची मुदत ३१ मार्च २०२० रोजी संपत असल्यामुळे साठ्यातील जुन्या गाड्या त्या अखेरच्या महिन्यांत सवलतीने काढल्या जात होत्या. सबब ‘२०२० ची ब्रेझा’ या एका वर्णनात दोन सर्वथा भिन्न यंत्रे सामावतात, आणि त्या वर्णनावरून टिकाऊपणाचा निर्णय देणारा जाणकार नेमक्या कोणत्या यंत्राबद्दल बोलत आहे हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. सतरा अक्षरांकांच्या चासी क्रमांकातील दहावे अक्षर बहुतेक उत्पादकांच्या रीतीप्रमाणे वर्ष दर्शविते (जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०). ते वाचण्यास अर्धे मिनिटही लागत नाही, परंतु किती जॉबकार्डांवर ते उतरवलेले असते?

आपल्या भागाची सर्वांत परिचित गाडी बोलेरो. तिचीही हीच कथा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली तेव्हा करसवलतीच्या मर्यादेत बसावी म्हणून लांबी ३९९५ मिलिमीटरवर आणि इंजिन १४९३ सीसीवर आणले गेले. तथापि २५२३ सीसीची जुनी लांब बोलेरोही काही काळ बाजारात होती. रांजणगावी बनणाऱ्या टाटा नेक्सॉनचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये ती आली, २०१८ मध्ये तिला एएमटी गिअरबॉक्स मिळाला, जानेवारी २०२० मध्ये बीएस ६ इंजिनांसह तिचे रूप पालटले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा नवे रूप देताना पेट्रोल गाडीसाठी दुहेरी क्लचचा गिअरबॉक्सही दिला गेला. एकाच सालातील हाताने गिअर टाकायची गाडी आणि एएमटी गाडी यांच्या क्लचविषयक तक्रारींत जो फरक पडेल, तो लागोपाठच्या दोन सालांतील एकाच प्रकारच्या गाड्यांत पडण्याचे कारण नाही. आणि तरीही आपण भेद सालाचा सांगतो, गिअरबॉक्सचा सांगत नाही.

कधी कधी तर वर्ष हे मापच फार मोठे ठरते. जुलै २०२१ मध्ये महिंद्र कंपनीने नाशिकच्या कारखान्यात २१ जून ते २ जुलै या अवधीत तयार झालेल्या, संख्येने सहाशेहून कमी अशा डिझेल गाड्या तपासणीसाठी व गरज पडल्यास इंजिन बदलून देण्यासाठी परत बोलावल्या. कारखान्यात एका विशिष्ट दिवशी आलेल्या दूषित इंधनामुळे इंजिनाचे भाग अकाली झिजण्याचा संशय होता. दोष बारा दिवसांच्या उत्पादनापुरता होता. त्यावरून ‘एकवीसची गाडी खराब’ असा शिक्का मारणे म्हणजे एका पोत्यातली तूर किडकी निघाली म्हणून सबंध हंगामाची आवक नामंजूर करणे होय.

यंत्राच्या दोषाइतकाच वापराच्या दोषाचा विचार करावा लागतो. बीएस ६ मध्ये प्रवासी डिझेल मोटारींच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरमागे ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅमवर आली आणि काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, अपरिहार्य झाली. तीत साठलेली काजळी सुमारे ६०० अंश तापमानावर जळून जावी लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग व बऱ्या वेगाने धावावी लागते. महामार्गाने नांदेडला नित्य जाणाऱ्या गाडीची गाळणी आपोआप साफ होते. पोफाळीच्या ऊसपट्ट्यात शेतावर जाऊन येणारी, चार-पाच किलोमीटरांवर बंद होणारी आणि काळ्या मातीच्या चिखलात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणारी तीच गाडी वर्षभरात दिवा पेटवून आपल्या दारात येते. त्यात अधिक राखेचे, बीएस ६ ला न चालणारे ऑइल कोणी ओतले असेल तर दुखणे वाढते. या गाडीला नादुरुस्त म्हणावे की तिच्या मालकाला चुकीचे यंत्र विकले गेले असे म्हणावे? पेट्रोल गाड्यांबाबतही एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या इंधनासाठी घडविलेल्या नव्हत्या. त्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांची तुलना नंतरच्या गाड्यांशी करताना वयाचा परिणाम कोणता आणि इंधनाचा कोणता हे निराळे काढावे लागेल.

आता आपल्या स्वतःच्या अनुभवाकडे वळू, कारण ‘वीस वर्षे हाताखालून गाड्या गेल्या’ हा आपला अखेरचा आणि सर्वांत प्रिय युक्तिवाद असतो. वॉरंटीची मुदत असेतोवर गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते, त्यामुळे नव्या सालाच्या गाड्यांचे पहिल्या वर्षांतील दोष खुल्या गॅरेजला दिसतच नाहीत. जे मुदतीत दुरुस्त होते ते आपल्या लेखी घडलेलेच नसते. उलट, दहा-बारा वर्षांची जी गाडी आजही आपल्याकडे येते ती आपल्या पिढीतली टिकून राहिलेली गाडी असते. तिच्या बरोबरीच्या ज्या भंगारात गेल्या त्या तिच्याविरुद्ध साक्ष देण्यास हजर नाहीत. शिवाय ज्या सालात गाड्या अधिक खपल्या त्या सालाच्या तक्रारीही अधिक येणारच. एका सालाच्या साठ गाड्यांपैकी सहांचे आणि दुसऱ्या सालाच्या दहांपैकी दोघींचे टर्बो गेले, तर मनावर ठसा सहांचा उमटतो. प्रमाण मात्र दुसऱ्या सालाचे दुप्पट असते. अनुभव खोटा नसतो, परंतु भाजक नसलेला भाज्य हा हिशेब नव्हे.

सरकारी दप्तराचा आधार येथे थोडकाच आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करता येते, आणि १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतील गाड्यांबाबत तिचा अंमल सुरू झाला. गाडी विकत घेण्यापूर्वी तिच्या चासी क्रमांकावर असे काही काम बाकी आहे काय, हे कंपनीकडे विचारून घेणे आपण सर्वांनी रीत म्हणून स्वीकारले पाहिजे. परंतु ही तरतूद सुरक्षिततेच्या व पर्यावरणाच्या दोषांपुरती आहे. साठ हजारांवर गेलेली क्लच प्लेट, वारंवार बदलावे लागणारे लिंक रॉड, गळणारा एसीचा कंडेन्सर, म्हणजे ज्यांनी मालकाचा खिसा रिकामा होतो ते दोष, कोणत्याही सरकारी यादीत येत नाहीत. ते फक्त आपल्या जॉबकार्डांत असतात, आणि जॉबकार्ड बिल वसूल होताच फेकले जाते.

म्हणून आमची सूचना अशी की उमरखेड, पुसद, महागाव, हदगाव येथील व्यावसायिकांनी एक साधी नोंदवही ठेवावी, आणि तीत प्रत्येक गाडीमागे निर्मितीचा महिना व साल, इंजिन व गिअरबॉक्सचा प्रकार, झालेले किलोमीटर, दोष, बदललेला भाग आणि गाडीचा मुख्य वापर (महामार्ग, गाव की शेत) एवढे सहा रकाने भरावेत. मालकाचे नाव तीत नको; मीटर फिरवल्याचा संशय असेल तर तसा शेरा असावा; आणि जी गाडी केवळ ऑइल बदलून निरोगी परत गेली तिचीही नोंद व्हावी, कारण भाजक तिच्यामुळेच मिळतो. तुलना करताना पन्नास हजार किलोमीटरची गाडी पन्नास हजारांच्याच गाडीशी आणि शेतावरची शेतावरच्याच गाडीशी ताडावी. दोन वर्षांत चार गॅरेजांच्या वह्या एकत्र ठेवल्या, तर कोणत्या बदलानंतर कोणता भाग सुधारला वा बिघडला हे आपल्या रस्त्यांपुरते तरी आपल्याला सांगता येईल. तोवर गिऱ्हाइकाने साल विचारले असता आपण त्याला उलट तीन गोष्टी विचाराव्यात, की गाडी रोज किती आणि कुठे धावणार, इंजिन व गिअरबॉक्स कोणता हवा, आणि दुरुस्तीसाठी दरसाल किती रक्कम बाजूला ठेवण्याची तयारी आहे. त्यांच्या उत्तरांवरून दिलेला सल्ला सालाच्या निकालापेक्षा कमी ठसकेबाज असेल, पण त्याची जबाबदारी आपल्याला सही करून घेता येईल.