ऑफ-ग्रिड म्हणे!

हल्ली ज्याला बघावं त्याला ऑफ-ग्रिड व्हायचंय. मुळशी, वेल्हे, कर्जत... जमेल तिथे जागा घ्यायची आणि मग सोलर पॅनेल किती वॉटचं, बॅटरी लिथियम की लेड-ऍसिड यावर तीन-तीन तास काथ्याकूट. आणि संडास? "ते गवंडी बघेल हो." गवंडी काय बघणार? तो सेप्टिक टँक बांधतो, आउटलेट ओढ्याकडे काढतो आणि पैसे घेऊन जातो.

मंडळी, सेप्टिक टँकवर चालणारं घर ऑफ-ग्रिड नव्हेच! टाकीत मैला संपत नाही, साठतो. वरून निघतं तेही घाण पाणीच, त्याला शोषखड्डा लागतो. तळाचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसायचा तर मैल्याची गाडी हवी, आणि तुमच्या त्या 'थ्रिलिंग' रस्त्यावर ती चढणार नाही. मग 'माणूस' शोधला जातो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही माणसं आत गुदमरून मरतात. आपल्या वीकेंडसाठी? छे.

त्यापेक्षा दोन शोषखड्डे घ्या. पाणी जमिनीत मुरावं म्हणून भिंतीत फटी ठेवून विटा रचलेले, तळ कच्चा. एक चालू, दुसरा स्टँडबाय. पहिला भरला की चेंबरमध्ये पाइपाचं तोंड बदलायचं, झालं फेलओव्हर! बंद खड्डा दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की आत कोरडं, बिनवासाचं खत. जास्त उताराचं ग्रामीण भांडं बसवलंत तर दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. फ्लशच्या टाकीला सहा ते दहा लागतात. ते पाणीही तुम्हीच टँकरने आणणार ना?

यात नवीन काही नाही. कणकवलीच्या गोपुरीत अप्पा पटवर्धनांनी सोनखताचे प्रयोग केले, देहूत डॉ. मापुसकरांनी संडासाच्या मैल्यावर बायोगॅस चालवून दाखवला. आपल्याला मात्र 'कंपोस्ट टॉयलेट' म्हटलं की ते परदेशातून आल्यासारखं वाटतं. असो.

आता अडचण. सह्याद्रीत हातभर मातीखाली कातळ लागतो, पावसाळ्यात पाणी वर येतं. म्हणून ऑगस्टमध्ये शेजारच्या विहिरीत डोकावा. पाणी जमिनीपासून तीन मीटरच्या आत असेल तर शोषखड्डा नको, तुमचा मैला थेट त्या विहिरीत जाईल. (विहीर लांब, खड्ड्यापासून पंधरा मीटर तरी हवीच.) तिथे जमिनीच्या वर बांधलेला कोरडा संडास: लघवी वेगळी, वापरानंतर मूठभर राख किंवा भुसा, आणि खाली आळीपाळीने वापरायचे दोन कप्पे. बॅक्टेरियावाली तयार टाकी कुणी विकायला आला तर एवढंच विचारा, घर तीन आठवडे बंद राहिलं आणि नंतर कुणी फिनेल ओतलं तर आतले जंतू काय करतील?

पाहुण्यांना राखेचा डबा दाखवायची लाज वाटते म्हणता? अहो, मग पाहुण्यांना त्या ओढ्यात पोहायला कशाला नेता?