मोबाईलवरच्या गेममधून मुलं शिकतात का? वर्ध्याच्या ‘नई तालीम’ने दिलेला इशारा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली. असे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोबाईलवरचा जुगार बंद होतोय, हे चांगलंच झालं. पण याच कायद्यात शैक्षणिक गेमना प्रोत्साहन द्यायचंही म्हटलंय. मग पोरांच्या हातात गेम द्यायचा की नाही?

खेळता-खेळता, हाताने करता-करता शिकणं ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. सात वर्षं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतून आणि हस्तोद्योगातून शिक्षण, अशी ती योजना. टकळीवर सूत काततानाच मुलाने हिशेब शिकायचा.

चांगला गेम हेच करतो. माईनक्राफ्टमध्ये मूल ठोकळ्यांनी घर बांधतं, तेव्हा लांबी, रुंदी, क्षेत्रफळ आपसूक कळतं. चुकलं तर कोणी हसत नाही, पुन्हा मांडता येतं. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका शाळेने २०१३ मध्ये १३ वर्षांच्या मुलांना हा गेम अभ्यासातच लावला होता.

पण झाकीर हुसेन समितीने एक धोकाही लिहून ठेवला होता. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची कल्पना. समितीचं म्हणणं असं, की कमाईवर जास्त भर दिला तर शिक्षणाचा मूळ हेतू मागे पडेल. आज ‘फ्री’ गेमचं तेच झालंय. जाहिराती, नवे कपडे, नव्या बंदुका विकायच्या म्हणून मुलाला स्क्रीनला खिळवून ठेवायचं. यात रक्कम जिंकायची नसते, त्यामुळे ही विक्री नव्या बंदीत येत नाही. इथे अम्मी-अब्बूंनाच बघावं लागेल.

गेम देण्याआधी तीन गोष्टी तपासा. मूल त्यात काही बनवतं की नुसतं बोट फिरवतं? मध्येच पैसे मागतो का? मगरीबच्या अजानला थांबवता येतो, की ‘अजून एक लेव्हल’ म्हणत रात्र होते? खेळावरचा ताबाच सुटला, शाळा-झोप बिघडली आणि हे महिनोन्‌महिने चाललं, तर डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत घेतलंय.

गेम खेळण्यापेक्षा बनवणं केव्हाही बरं. ‘स्क्रॅच’ हा प्रोग्राम मोफत मिळतो. एकदा डाऊनलोड केला की इंटरनेटशिवाय चालतो, आणि त्यात आठ-दहा वर्षांची मुलं स्वतः गेम तयार करतात. प्रत्येक घरी कॉम्प्युटर शक्य नाही. पण मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत दोन जुने लॅपटॉप ठेवून रविवारी तासभर एखाद्या कॉलेजच्या मुला-मुलीने शिकवलं, तरी सुरुवात होईल. खर्च फार नाही, कोणीतरी पुढाकार घ्यायला हवा.