एका वर्षाचा हिशेब

डिसेंबर उजाडला की अलीकडे आपल्या जिल्ह्यातल्या काही घरांत एक नवाच प्रश्न मुक्कामाला येतो. मुलगा किंवा मुलगी बारावीत असते. वकिलीला जायचे ठरलेले असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची ‘क्लॅट’ ही परीक्षा देऊन झालेली असते आणि निकाल काही मनासारखा लागलेला नसतो. आता मिळेल तिथे अर्ज करायचा, की एक वर्ष थांबून पुन्हा बसायचे? आई म्हणते, पोराला एक संधी द्या. वडील म्हणतात, वर्ष वाया जाईल. आणि ज्याच्या वर्षाचा प्रश्न आहे तो पोर मान खाली घालून बसलेला असतो.

मी नगरच्या न्यायालयात वकिली करतो. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण पक्षकाराच्या तोंडी अजून ‘नगरला तारीख आहे’ हेच असते. काळा कोट घालणाऱ्याला प्रवेशाचेही सगळे ठाऊक असणार, अशा भाबड्या समजुतीने हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे येतात. त्यांना मी जे सांगतो ते आज सविस्तर लिहावेसे वाटते. माझे मत आधीच सांगून टाकतो. पुन्हा जरूर बसावे, पण एकदाच. आणि दुसऱ्या वेळी नेमके काय बदलणार आहे, हे चार ओळींत कागदावर लिहिता आले तरच.

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. बारावीचे किंवा पदवीचे गुण घेऊन लॉ कॉलेजात जायचे आणि नाव घालायचे. ज्याला दुसरे काही जमले नाही तो वकील होतो, अशी थट्टाही त्या काळी सर्रास व्हायची. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाचे पहिले वर्ग १९८८ मध्ये सुरू झाले आणि हळूहळू चित्र पालटले. २००८ पासून अशा संस्थांसाठी ‘क्लॅट’ आली. आपल्या राज्यातही मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) अशी तीन विधी विद्यापीठे उभी राहिली. इतर लॉ कॉलेजांसाठी राज्याची सीईटी २०१६ पासून सुरू झाली. म्हणजे आता पुण्याच्या आयएलएसला जायचे असो की नगरच्या लाल टाकीवरच्या न्यू लॉ कॉलेजात, परीक्षा ही आहेच.

पण या दोन परीक्षा एका माळेचे मणी नाहीत, आणि पुन्हा बसण्याचा निर्णय इथेच अर्धा होतो. ‘क्लॅट’मध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. २०२० पासून ही परीक्षा उताऱ्यांवर बेतलेली आहे. एक उतारा साधारण साडेचारशे शब्दांचा आणि त्यावर चार-सहा प्रश्न. असे वीस-बावीस उतारे म्हणजे दोन तासांत नऊ-दहा हजार शब्दांचे इंग्रजी वाचायचे, समजून घ्यायचे आणि उत्तरेही द्यायची. कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो दिलेल्या प्रसंगाला लावता आला पाहिजे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. शिवाय परीक्षा फक्त इंग्रजीत.

राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते आणि तिथे चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडणे शहाणपणाचे नाही. तरीही वेळ पुरला नाही म्हणून पाच-दहा प्रश्न कोरे सोडून आलेली मुले मला दरवर्षी भेटतात.

पालक एक गोष्ट हमखास विसरतात. ‘क्लॅट’ गेली तीन वर्षे, म्हणजे २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली. तेव्हा बोर्डाची परीक्षा तोंडावर असते. राज्याची सीईटी मात्र बोर्ड संपल्यावर उन्हाळ्यात असते. म्हणजे डिसेंबरात पडलेल्या पोराची दुसरी संधी वर्षभराने येत नाही. ती चार-पाच महिन्यांवर दाराशी उभी असते. ‘पुन्हा बसू का’ यावर घरात जानेवारीभर खल करण्यात ती संधीही हातची जाते. तेव्हा आधी बोर्ड, मग सीईटी, आणि त्या दोन्हींचे निकाल हाती आल्यावर मग काय तो निर्णय, हा क्रम मी सुचवतो.

आता समजा, तरीही पुन्हा ‘क्लॅट’ द्यायचीच आहे. मग पहिला प्रश्न, गुण कशाने गेले? परीक्षेच्या दिवशी ताप होता किंवा विज्ञान शाखेचा अभ्यास सांभाळता सांभाळता तयारीच झाली नव्हती, तर एका वर्षाने निश्चित फरक पडेल. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि इंग्रजी वाचनाचा वेग कमी, हे कारण असेल तर तेही दूर होण्याजोगे आहे. पण वाचनाचा वेग सराव परीक्षांच्या गठ्ठ्यांनी वाढत नाही. तो रोज सकाळी इंग्रजी दैनिकाचे संपादकीय पान वाचून, अडलेल्या शब्दापाशी थांबून वाढतो. पारनेरला राहूनही हे करता येते, त्यासाठी पुण्यात खोली घ्यावी लागत नाही. उलट वर्षभर नेटाने तयारी केली, सगळे सराव झाले आणि तरी गुण तेवढेच आले, तर त्याच रस्त्याने पुन्हा चालून वेगळ्या गावाला पोचता येणार नाही.

गांधीजींचे उदाहरण इथे आठवते. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत असताना त्यांनी तिथली मॅट्रिकची परीक्षा दिली. बॅरिस्टरीसाठी ती आवश्यक नव्हती, त्यांना स्वतःला द्यावीशी वाटली. पहिल्या खेपेला ते लॅटिनमध्ये नापास झाले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. ते पुन्हा बसले, पण जसेच्या तसे बसले नाहीत. विज्ञानातला रसायनशास्त्राचा विषय सोडून उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला. राहणी साधी केली, एका खोलीत राहून स्वयंपाक स्वतः करू लागले, त्यातून पैसा आणि वेळ वाचवला. आणि उत्तीर्ण झाले. दुसरा प्रयत्न कसा असावा, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. विषय बदलला, दिनक्रम बदलला, म्हणून निकालही बदलला.

दुसरा प्रश्न खर्चाचा. पुण्यातला क्लास, वसतिगृह आणि खानावळ मिळून वर्षाला लाखाच्या वर सहज जातात. ज्या घरात हा पैसा उसाच्या बिलातून किंवा दुधाच्या हप्त्यातून यायचा आहे, तिथे धाकट्या भावंडाचे काय, हेही विचारावे लागते. पुढे विधी विद्यापीठाची फीदेखील वर्षाला दोन-तीन लाखांच्या घरात असते. त्याउलट आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घटकांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. हा हिशेब पाथर्डी-जामखेडच्या घरात फार मोठा ठरतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मुलाचे वर्ष ‘तयारीचे वर्ष’ असते. मुलगी वर्षभर घरी बसली की तिसऱ्या महिन्यात स्थळे येऊ लागतात. ‘नाहीतरी घरीच आहे’ हे वाक्य किती शिक्षणे थांबवते, ते मी कौटुंबिक न्यायालयाच्या कज्जांतून पाहत आलो आहे. म्हणून मुलीच्या वडिलांना माझे निक्षून सांगणे असते, की तिला आधी कुठल्या तरी महाविद्यालयात दाखल करा आणि मग पुन्हा परीक्षेला बसवा. पहिले वर्ष शिकत असतानाही ‘क्लॅट’ देता येते. हातातले सुटत नाही आणि पुढचे दारही उघडे राहते. खरे तर हा मार्ग मुलांनाही तितकाच लागू आहे.

महाविद्यालयाच्या नावाने काहीच फरक पडत नाही, असे मी म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. मोठ्या लॉ फर्म आपली बरीच माणसे विधी विद्यापीठांतून उचलतात. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत चालतो आणि तिथे त्या शिक्षणाचा उपयोग होतो. आपल्या तीन विद्यापीठांत महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी काही जागा राखीव असतात. ज्याला थोड्या गुणांनी ती जागा हुकली, त्याने पुन्हा प्रयत्न करणे अगदी रास्त आहे. पण ज्याला नेवाशाला किंवा श्रीगोंद्याला वकिली करायची आहे, त्याने हेही पाहावे की जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ठरलेली आहे. बांधाच्या भांडणातला पक्षकार वकिलाला त्याच्या कॉलेजचे नाव विचारत नाही. सातबारा वाचता येतो का, एवढेच पाहतो.

एक-दोन गुणांच्या फरकाला दैवाचा कौलही समजू नये. २०२४ च्या डिसेंबरात झालेल्या ‘क्लॅट’च्या उत्तरसूचीतील चुकांचा वाद आधी दिल्ली उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात जाऊन पुढच्या मे महिन्यापर्यंत चालला. जी परीक्षा स्वतःच कोर्टाची पायरी चढते, तिच्या निकालाने पोराची लायकी ठरत नाही.

आमच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात जे नेते बंदी होते, त्यांत वल्लभभाई पटेल होते. त्यांना बॅरिस्टर व्हायचे होते, पण घरची परिस्थिती नव्हती. मग डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा देऊन गोध्रा-बोरसदला वकिली सुरू केली. पैसे जमवून विलायतेची तयारी केली, तेव्हा ती संधी थोरल्या भावाला दिली. स्वतः गेले ते १९१० मध्ये, पस्तिशीत. छत्तीस महिन्यांचा अभ्यासक्रम तीस महिन्यांत पुरा करून ते १९१३ मध्ये परतले. हाती आलेल्या दारातून आत शिरून काम सुरू केले, म्हणून मोठे दार बंद झाले नाही. आजही कायद्याचे दार एका परीक्षेने बंद होत नाही. पदवी घेऊन तीन वर्षांचा एलएल.बी. करता येतो, आणि पुढे सनदेसाठी बार कौन्सिलची परीक्षा आहेच. तीही पुन्हा देता येते.

न्यायाधीश व्हायचे असेल तर हिशेब थोडा निराळा. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली. बारावीनंतरची पाच आणि ही तीन वर्षे धरली की एकेक वर्ष मोजूनच खर्च करावे लागते.

शेवटी एकच सुचवतो. निर्णय घरातल्या मोठ्यांनी करू नये. मुलाला कागद-पेन द्यावे आणि चार ओळी लिहायला सांगाव्यात. गुण कशाने गेले, यंदा काय बदलणार, वर्षाचा खर्च किती, आणि पुन्हा नाहीच जमले तर पुढे काय. वडिलांच्या धाकाने किंवा मित्र बसतोय म्हणून बसणाऱ्याला ही चौथी ओळ लिहिता येत नाही. ज्याला ती लिहिता आली त्याला खुशाल बसू द्यावे. आपली बाजू आणि आपल्याविरुद्धची बाजू एकाच कागदावर मांडता येणे, ही वकिलीची पहिली तयारी आहे, आणि ती त्या चार ओळींत झालेली असते.