आईचं दीड मिनिट



आपल्या या समूहात आपण सगळे घरच्या जुन्या आठवणी लिहितो. हल्ली लिहिण्यापेक्षा व्हिडिओ जास्त येतात. जुना फोटो हळूहळू मोठा होतो, मागे बासरी वाजते, कुणाची तरी आजी फोटोतून डोळे मिचकावते, खाली आपण हात जोडलेली चित्रं टाकतो. मीही टाकतो. गेल्या पावसाळ्यात नातवाच्या मदतीने मी स्वतःच असा एक व्हिडिओ केला. त्यात आमच्या हातून एक चूक झाली, ती सुधारताना माझं एक मत पक्कं झालं. ते आज मांडतो. मी बी.कॉम. झालेला, जन्म बँकेत गेला. संगणकाचं जे काही कळतं ते नातवाकडून, तेव्हा कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

आमचं मूळ घर नंदिगड्ड्याला, जोयडा तालुक्यात. पोफळीची बाग, मागे रान, घरात मराठी, आगरात कोकणी, कचेरीत कन्नड. १९८१ च्या गणपतीत मी नोकरीच्या गावाहून नवाकोरा टेपरेकॉर्डर घेऊन घरी गेलो होतो. घरी तेव्हा वीज नव्हती, रेकॉर्डर सेलवर चालायचा. माजघरात आईला बसवलं आणि म्हटलं, तुझं लग्न होऊन तू इथे कशी आलीस ते सांग. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू, म्हणजे अर्धा तास, ती बोलली. लोंढ्याला आगगाडीतून उतरली, तिथून बैलगाडीने सुप्याला, सुप्याच्या बाजारात तिला काचेच्या बांगड्या घेऊन दिल्या, वाटेत एका कुणब्याच्या घरी मुक्काम, त्यांनी कणगं उकडून दिली, असं सगळं.

तरुण मंडळींसाठी सांगतो, सुपं म्हणजे आमच्या तालुक्याचं जुनं ठाणं. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, १९८७ साली पुरं झालं, आणि ते गाव पाण्याखाली गेलं. ठाणं जोयड्याला आलं. आमच्या घरात सुप्याचा एकही फोटो नाही. आहे ती आईची ही कॅसेट. आई जाऊन आता एकवीस वर्षं झाली.

नातवाने कॅसेट प्लेअरची वायर लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्राममध्ये ती उतरवली. हा प्रोग्राम फुकट मिळतो, २००० सालापासून आहे. पडद्यावर आवाजाची निळी रेघ उमटते, बोलणं तिथे जाड, गप्प तिथे बारीक. मी ऐकलं आणि म्हटलं, "अरे, केवढी ही खरखर! पाऊस, टिकटिक, सगळंच येतंय. साफ करून टाक." हे माझे शब्द, त्याचे नव्हेत. दोष प्रोग्रामला नाही, त्यालाही नाही.

त्याने सांगितलं तसं केलं. खरखर काढायची रीत अशी: जिथे माणूस बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा प्रोग्रामला दाखवायचा, म्हणजे तो नुसत्या आवाजाचा नमुना घेतो, आणि मग सबंध फितीतून तेवढा कमी करतो. टिकटिक काढायला वेगळं हत्यार, जुन्या तबकड्यांवरच्या ओरखड्यांसाठी केलेलं. मग तिसरं, लांब गप्पा जागा आपोआप छाटणारं. अर्ध्या तासाची फीत पंचवीस मिनिटांवर आली. झकास, स्वच्छ, रेडिओसारखी. आणि नवी फाइल जुन्या फाइलवरच ठेवली गेली.

मग त्याने विचारलं, "आबा, पणजी एवढ्या बारीक आवाजात बोलायची?"

नव्हती बोलत. आईचा आवाज भरदार. कारण माझ्या लक्षात आलं. मुद्रण करताना सेल उतरत गेले, फीत हळू फिरली. आता प्लेअर विजेवर नेमक्या वेगाने फिरतो, त्यामुळे आवाज भरभर आणि पातळ येतो. नातू म्हणाला, वेग कमी करता येतो, किती करू? मी अंदाजाने म्हटलं, पाच टक्के. सुरुवातीला आई पेंगुळल्यासारखी वाटायला लागली, शेवटी तरीही पातळच. सेल उतरत जातात ना, शेवटी जास्त.

बँकेत अंदाजाने ताळा जुळवणाऱ्याला आम्ही घरी पाठवत असू. पुरावा पाहिजे. रात्री झोप येईना, तेव्हा सुचलं: माजघरातलं लोलकाचं घड्याळ! ते अजून चालतंय, वहिनी दर रविवारी किल्ली देतात. मी सकाळी फोन केला, वहिनींनी फोन घड्याळाजवळ धरला, मी मोजलं. मिनिटाला १०४ ठोके. ते घड्याळ दिवसाला पाच मिनिटं मागे पडतं हे मला ठाऊक आहे, पण १४४० मिनिटांत पाच म्हणजे अर्धा टक्काही नाही. आता फितीत मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजलं की झालं.

आणि घड्याळ तर आम्ही पुसून टाकलेलं.

कॅसेट पुन्हा चालवावी लागली. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांची फीत, दमट हवेत राहिलेली. ती फिरत असताना मी हात जोडून उभा होतो, हे लिहायला लाज वाटत नाही. टिकली. या खेपेला काहीही न काढता उतरवली आणि मोजली: सुरुवातीला १०६ ठोके, मध्यावर १०९, शेवटाकडे ११४. नातवाने ऑडॅसिटीत टाइम ट्रॅक म्हणून एक पट्टी असते ती घेतली. तिच्यावर तीन ठिकाणी टिंब ठेवलं: इथे वेग ९८ टक्के, इथे ९५, इथे ९१. मधला उतार प्रोग्रामने आपोआप भरला. आई बोलायला लागली आणि मी खोलीबाहेर गेलो. तो तिचाच आवाज होता. तीस मिनिटांची फीत साडेएकतीस झाली. आईचं दीड मिनिट परत मिळालं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. फितीत शेवटी शेवटी मी तिला विचारलंय, "आई, सुपं आता पाण्यात जाणार, तुला काय वाटतं?" साफ केलेल्या फितीत ती लगेच म्हणते, "काय वाटायचं?" जणू तिला काहीच नाही. मूळ फितीत माझ्या प्रश्नानंतर अकरा सेकंद कोणी बोलत नाही. पावसाची धार, घड्याळाचे एकोणीस ठोके, बांगड्यांचा एक बारीक आवाज. मग ती म्हणते, "काय वाटायचं?" त्यावर माझा तिशीतला आवाज येतो, "बोल लवकर, सेल संपतील."

शब्द तेच दोन. अर्थ उलटा. ती अकरा सेकंदं आम्ही अर्ध्या सेकंदावर आणली होती, रिकामी जागा समजून.

आता चित्राकडे येतो, कारण तिथेही हाच प्रश्न आला. नातवाला नकाशावर बैलगाडी चालवायची होती. त्याने मला कीफ्रेम समजावून सांगितली. आपल्याकडे टीव्हीच्या चित्रात सेकंदाला २५ चौकटी असतात. गाडी चार सेकंदांत लोंढ्याहून नंदिगड्ड्याला न्यायची, तर चौकटी झाल्या शंभर. आपण पहिली आणि शेवटची ठरवायची. त्या दोन कीफ्रेम. मधल्या ९८ यंत्र काढतं. पूर्वी कार्टूनच्या कारखान्यात हेच काम माणसं करत. मुख्य चित्रकार महत्त्वाच्या मुद्रा काढायचा, हाताखालचे मधल्या भरायचे. आपल्या प्रभातनेही १९३४ साली जंबुकाका नावाचं कार्टून काढलं होतं, तेव्हा सगळा हाताचाच मामला.

मला पटकन कळलं, कारण आमच्याकडे ओपनिंग बॅलन्स आणि क्लोजिंग बॅलन्स असतो. फरक एवढाच, की आमच्या मधल्या प्रत्येक नोंदीला व्हाउचर लागतं. गाडी एकदम सुटू नये, आधी सावकाश आणि मग वेगात जावी, यालाही त्यांच्याकडे सोय आहे. मी म्हटलं, हा तर कर्जाचा हप्ता! पहिली काही वर्षं मुद्दल हलतच नाही, शेवटी झपाट्याने उतरतं. नातू हसला, पण त्याला पटलं.

गाडी चालली ती मात्र सरळ रेषेत, रानावरून, डोंगरावरून. मी म्हटलं, "असं नव्हे रे. ती सुप्यात थांबली होती. मग नदीकाठी. मग कुणब्याकडे रात्रभर." तेव्हा आम्ही जिथे आई थांबल्याचं सांगते तिथेच नवी कीफ्रेम ठेवली, आणि सुप्यात गाडी चांगली पाच सेकंद उभी केली. कुणब्याचं घर नेमकं कुठे ते फितीत नाही, म्हणून तिथली वाट तुटक रेषेने दाखवली. बघणाऱ्याला कळावं, इथे आम्ही जोडून घेतलंय.

शेवटी नातवाने आईचा एकुलता एक फोटो एका ॲपमध्ये घातला. आई डोळे मिचकावू लागली, मान वळवू लागली, ओठ फितीबरोबर हलू लागले. घरातले बघत राहिले. माझी बहीण रडली. मी म्हटलं, हे नको. बहीण म्हणाली, "दादा, तुझं नेहमीचंच, आनंदात हिशेब काढतोस." खरं आहे तिचं. पण माझी आई मान अशी वळवत नसे. ती आधी पदर सारखा करायची, मग बघायची. पणतवंडांनी तिला पाहिलेली नाही. त्यांच्या डोक्यात आई म्हणून हीच मान वळणार, आणि दहा वर्षांनी आमच्यापैकी कोणी उरलं नाही की तीच खरी ठरणार.

दादासाहेब फाळक्यांनी पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी भांडवल मिळवण्यासाठी एका कुंडीत वाटाणे लावून त्यांची वाढ चित्रित केली होती. रोज थोडं थोडं टिपायचं आणि मग सलग दाखवायचं. रोप पडद्यावर सरसर वाढलं, लोक थक्क झाले. पण त्यातली प्रत्येक चौकट खऱ्या रोपाची होती. मधले तास त्यांनी सोडून दिले, बनवले नाहीत. आणि आमच्या खालच्या कोकणात, पिंगुळीचे चित्रकथी चित्राची पोथी समोर धरून कथा सांगतात. चित्र जागचं हलत नाही, हलतो तो सांगणाऱ्याचा आवाज. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आम्ही शेवटी तेच केलं: आईचा फोटो स्थिर ठेवला आणि आवाज चालू दिला.

माझा या साधनांना विरोध नाही, हे कृपया लक्षात घ्या. टाइम ट्रॅक नसता तर मला आई परत ऐकू आली नसती. नातवाचं म्हणणंही रास्त आहे, की परदेशातली मुलं एकतीस मिनिटं बसणार नाहीत, तीन मिनिटांचं करावं लागतं. करावं. आम्हीही केलं. उतारा द्यावा, पण लेजर फाडू नये. माझं म्हणणं इतकंच: खुणेचं टिंब ठेवायचं ते पुराव्यावर, मधलं यंत्राने भरलं असेल तर तसं सांगायचं, आणि मूळ पुसायचं नाही. आपल्याला जी खरखर वाटते तिच्यात काय दडलंय ते आपल्याला आज ठाऊक नसतं.

ज्यांच्या घरी कॅसेटी असतील त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे प्लास्टिकचे दात आधी मोडा, म्हणजे चुकून वर मुद्रण होणार नाही. पहिली नक्कल वेव्ह फाइलमध्ये, काहीही न काढता ठेवा. अर्ध्या तासाला एकेरी आवाजात साधारण १६० एमबी लागतात, आजच्या काळात काहीच नाही. तिची प्रत दुसऱ्या घरीही ठेवा. खरखर काढण्याआधी, काय काढलं जाणार आहे तेवढंच ऐकवायची सोय ऑडॅसिटीत आहे, रेसिड्यू म्हणतात, ती वापरा. आम्ही वापरली तेव्हा पावसाबरोबर आईचे 'स' आणि 'श'सुद्धा जात होते. आणि गप्प जागा छाटणारं बटण आठवणींच्या फितीवर वापरूच नका.

व्हिडिओ खाली जोडला आहे. सुप्याची गोष्ट सव्विसाव्या मिनिटाला येते. तिथे आवाज गेला असं समजून पुढे ढकलू नका. घड्याळ ऐकू येईल.